कशानं बंद पडलं

काका यंत्राला मेलं म्हणू देत नसत. कुणी सहज म्हणालं, "काका, हे तर पार मेलंय की," तर चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "मातीला गेल्तास का त्याच्या?" मग स्वतःच सांगत, "बंद हाय म्हणावं. बंद पडायला कारण असतंय. ते हुडकावं."

कळंबहून ढोकीकडं जाणाऱ्या रस्त्याला, गाव संपता संपता त्यांचं घर होतं आणि घरामागं पत्र्याचं शेड. पूर्वी त्यात कडबा असायचा. मी जायला लागले त्या काळात तिथं तेवीस संगणक झाले. आपल्या जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत जे अगदी पहिल्यांदा आले ते. पाठीला कुबड असलेले, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारे. काकांची सगळी उमर असली यंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती. खांद्याला झोळी, झोळीत पेचकस, धूळ उडवायचा ब्लोअर आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन ते एसटीनं जिल्हाभर फिरायचे. पुढं ती यंत्रं जुनी झाली, कचेऱ्यांनी जिन्याखाली, मुतारीच्या बोळात नेऊन टाकली, तेव्हा काकांनी एकेक करून घरी आणली. विकायला नव्हे, ठेवायला. गाव त्यांना डबडेवाले म्हणायचं. काकू तर तोंडावर म्हणायच्या, "दाढीचा बुरुश दिला डबड्यांला, आन् हेंच्या तोंडावर बघा कसं रान माजलंय."

मी तिथं गेले ती माझ्या वडिलांपायी.

वडील शाळामास्तर होते, पण लोक त्यांना ओळखायचे ते पत्रकांवरून. पाणवठा, गायरान, शाळेतली खिचडी, जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता. त्यांनी पत्रक काढलं नाही असा विषय नव्हता. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, आणि माझ्या वह्यांना कव्हरं असायची तीही उरलेल्या पत्रकांची. त्यांचा एक नियम होता. पत्रकाखाली नाव पाहिजेच. "निनावी पत्रक म्हणजे दगड मारून पळून जाणं," ते म्हणायचे. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तीन फ्लॉप्या सापडल्या, जुन्या, काळ्या, वाकणाऱ्या. त्यांची सुरुवातीची पत्रकं कळंबच्या एका दुकानात संगणकावर जुळवलेली होती, त्याच या फ्लॉप्या. कागद तर कधीच वाळवीनं खाल्ले होते. धाराशिवला संगणकाच्या दुकानात दाखवल्या तर काउंटरवरचा माणूस हसला. "ताई, ह्या घालायला भोकच ऱ्हायलं न्हाई आता कुठल्या मशीनला." मग त्यालाच आठवलं, "कळंबला एक डबडेवाले हायत, त्यांच्याकडं बघा."

मी शेडच्या दारात उभी राहिले तर आतून आवाज आला, "चपला भाईर."

माझं डोकं तापलंच. "काका, मी देवळाच्या पायरीवर चपला काढत नाही आणि तुम्ही यंत्रापुढं काढायला लावताय?"

"देव म्हणून न्हाई, धूळ म्हणून. तुझ्या चपलेत आख्खा ढोकीचा रस्ता यायलाय आत."

मी चपला काढल्या. वादात इतक्या लवकर हरल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

अकरा नंबरच्या यंत्रात त्यांनी पहिली फ्लॉपी घातली. आत काहीतरी कण्हलं, घासलं, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत मथळा आला, ‘गायरान कुणाचं???’ वडिलांचाच तो, दुसऱ्या कुणाचा असणार? एका प्रश्नचिन्हापाशी थांबणं त्यांना जमायचंच नाही. त्यांनी तीन ठोकली होती. काका बाजूला झाले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "वाच तू. तुझ्या घरचं हाय." ती अक्षरं आजच्या यंत्रावर नुसती किडामुंगी दिसतात. त्या काळचा टंकच वेगळा होता, आणि तो टंक जिल्ह्यात त्या एका यंत्राच्या पोटात उरला होता. उरलेल्या दोन फ्लॉप्यांना बुरशी धरली होती. "घाई केली तर खरवडून जाईल," काका म्हणाले. "ऱ्हाऊ दे हितं. सवडीनं पुसून वाचू एकेक."

अशी मी तिथली झाले. दर आठवड्याला एक फेरी व्हायची.

*

काकांचं खरं धन यंत्रं नव्हेत, रजिस्टर होतं. लाल कापडी पाठीचं, लांबरुंद. रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखले होते. पहिला, पाठीवरचा नंबर. सरकारी कचेरीत आलेल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं डेडस्टॉकचा, म्हणजे सामानाच्या सरकारी नोंदवहीतला नंबर घालतात, खुर्चीवर, पंख्यावर, माठाच्या तिवईवरसुद्धा, तो. दुसरा, कुठून आलं. तिसरा, कुणी चालवलं. चौथा, कुणी पुसलं. पाचवा, कशानं बंद पडलं.

चौथ्या रकान्यानं मी त्यांच्या प्रेमात पडले.

"साहेबानं फीत कापली हे पेपरात येतंय," ते सांगायचे. "बाबूनं बटन दाबलं हे बाबू सांगतंय जलमभर. पुसलं कुणी?" मग सोजरबाईची गोष्ट निघायची. कचेरीत पहिलं यंत्र आलं तेव्हा त्याच्यासाठी वातानुकूलित खोली केली. साहेबाच्या डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि यंत्राला गारवा. बाबू लोक चैत्र-वैशाखात काहीबाही निमित्त काढून तिथं जाऊन बसत. चपला बाहेर काढायच्या, हात धुवून यायचं. आणि झाडणारी सोजरबाई? तिनं दारापर्यंत झाडायचं, आत यायचं नाही. तिच्या झाडूनं म्हणे धूळ उडते. पंधरा दिवसांत यंत्र धापा टाकायला लागलं. काका दुरुस्तीला गेले, झाकण उघडलं, तर आत मूठभर माती.

"म्या साहेबाला म्हणलं, हे दुरुस्त व्हणार न्हाई. हेला सोजरबाई लागतीया. तिला आत घ्या, मंग चालतंय."

"आणि घेतलं?"

"न घेऊन सांगतंय कुणाला? म्या झाकणच लावलं न्हाई तवर. कोरड्या फडक्यानं कसं पुसायचं ते दावलं तिला. सात वर्सं चाललं ते यंत्र. दुसऱ्या कचेरीतलं दोन वर्सांत बसलं."

रजिस्टरात त्या यंत्रासमोर चालवणारे म्हणून चार बाबूंची नावं होती, बारीक अक्षरात. पुसणारी म्हणून एकच, ठळक.

पाचव्या रकान्यात कारणं असायची. ‘वीज पडली.’ ‘साहेब बदलले.’ ‘पाल.’ एकासमोर नुसतं ‘नारळ’ लिहिलं होतं. खंडेनवमीला कचेरीत यंत्राची पूजा झाली, हळद-कुंकू झालं, झेंडूची माळ झाली, आणि मोठ्या बाबूंनी नारळ फोडला तो जरा भक्तिभावानं, यंत्राच्या अगदी जवळ. काका पोचले तेव्हा बाबू हात जोडून उभा होता. "काय झालं असंल हो?" काका म्हणाले, "काय न्हाई. परसाद घेतलाय त्यानं."

हे सांगताना ते हसत नसत. ऐकणारा हसला तर त्याच्याकडं असे बघत, की हसू ओठांवरच वाळायचं.

*

एकदा त्यांनी एक कळफलक माझ्या मांडीवर ठेवला. "बोटं फिरव. काय दिसतंय?"

मला काही दिसलं नाही.

"डावीकडची शिफ्ट बघ. कोरी करकरीत. उजवीकडची झिजून डबकं पडलंय. मराठी लिवायला शिफ्ट सारखी दाबावी लागतीया, दोन्हीकडून. हिनं डावीकडची दाबलीच न्हाई कधी." त्यांनी स्वतःची डावी करंगळी वर केली. "चालवणारीला डावी करंगळी न्हाई. न्हाईतर वाकडी तरी हाय."

मी हसले, आणि त्याची शिक्षा म्हणून मला मुरुमला जावं लागलं. यंत्र दवाखान्यातलं होतं, चालवणाऱ्या बाई निवृत्त होऊन मुरुमला राहत होत्या. एसटी बदलत बदलत अर्धा दिवस गेला. काकांनी कळफलक टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. कंडक्टर म्हणाला, "काका, पेटी हाय का? वाजवा की."

"वाजवतो. पण सूर एकाच हातात हायत."

बाईंनी दार उघडलं. राम राम नाही, नमस्कार नाही, काका म्हणाले, "बाई, डावी करंगळी दाखवा."

बाई दोन पावलं मागं सरल्या. आत कुणाला तरी हाक मारायच्या बेतात होत्या. मी घाईनं सगळं समजावून सांगितलं. मग त्यांनी सावकाश हात पुढं केला. करंगळीच्या जागी नुसता खुंट होता.

"सात वर्षांची होते. कडबा-कुट्टीच्या यंत्रात गेली," त्या म्हणाल्या. "नोकरीत कुणाला कळू दिलं नाही मी. मुलाखतीला पदराखाली हात ठेवला होता. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हेनं," काकांनी टॉवेल सोडला.

बाईंनी कळफलक मांडीवर घेतला. त्याला ना यंत्र जोडलेलं ना वीज, तरी त्यांची नऊ बोटं भराभर चालायला लागली.

"काय लिवलं?" काकांनी विचारलं.

"जन्म नोंद. मुलगी. वजन दोन किलो सातशे." त्यांनी बोटं उचलली. "दुसरं काय लिहिणार? आयुष्यभर तेच लिहिलं."

चहा झाल्यावर त्यांनी काकांच्या झोळीतलं रजिस्टर वाचायला घेतलं. त्यांच्या यंत्रासमोर ‘उंदरानं वायर तोडली’ असं होतं. त्या मान हलवायला लागल्या. "उंदीर मागाहून आला. आधी माझी बदली झाली. नव्या माणसाला ते चालवताच येईना, मग कापड टाकून झाकून ठेवलं. झाकलेल्यात उंदीर शिरला."

काकांचा चेहरा इतका उजळलेला मी एकदाच पाहिला, तो तेव्हा. त्यांनी लाल पेन काढलं. मी म्हटलं, "खोडून लिहा ना वर. नाहीतर व्हाइटनर आणू?"

"खोडायचं न्हाई!" ते एकदम कडाडले. "चूकबी झालीच हुती की. ती कुठं जाईल? चुकीच्या खाली खरं लिवायचं, लाल शाईनं. आन् जो लिवंल त्यानं नाव घालायचं." त्यांनी पेन बाईंच्या हातात दिलं. बाईंनी लिहिलं, ‘माझी बदली झाली म्हणून झाकून ठेवले. उंदीर नंतर.’ खाली पूर्ण नाव.

परतीच्या गाडीत मी पेटलेली होते. पाठ्यपुस्तकात ह्याचा एक शब्द आहे का? पेपरात? अमुक शहरात अमुक कंपनीनं अमुक यंत्र आणलं, एवढा संगणकाचा इतिहास. सोजरबाईचं फडकं आणि ह्या बाईंची करंगळी कुठंच नाही. ती आहे कळंबच्या एका गळक्या पत्र्याखाली, एका म्हाताऱ्याच्या रजिस्टरात. मला दुसरं काय सुचणार? मी पत्रकांच्या घरातली मुलगी.

काका खिडकीला डोकं टेकवून झोपले होते. मांडीवरचा टॉवेल मात्र झोपेतही दोन्ही हातांनी धरलेला.

*

एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. मी ती कानांनी ऐकली होती, डोक्यात घेतली नव्हती. काका एका कचेरीतून शेवटचं यंत्र आणत होते तेव्हा मी सोबत होते. तिथला बाबू म्हणाला, "न्या, काका. पण सही मागू नका आणि कुठं बोलू नका." मला वाटलं, आळशी माणूस आहे, कागद करायचा कंटाळा.

पत्रकाला मी मथळा दिला, ‘जिल्ह्याचा इतिहास पत्र्याखाली!’ मागणी एकच होती: बंद पडलेल्या शाळेची एखादी खोली द्या, तिथं ही यंत्रं आणि रजिस्टर ठेवा. मजकूर काकांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"एकवीस न्हाई, तेवीस," ते म्हणाले.

"एवढ्यानं काय बिघडतंय, काका?"

"दोन बंद पाडलीस तू." मग डोळे उघडून, "आन् नंबर कुठायत? कुठल्या कचेरीचं, पाठीवर काय लिवलंय, कुणी चालवलं. ते न्हाई तर ह्यो इतिहास कशाचा? पारावरच्या गप्पा झाल्या ह्या."

दोन दिवस बसून त्यांनी तेविसांची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. पत्रकाच्या पाठीमागं छापायची असं ठरलं. काकू दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकायला सगळं यायचं.

"कशापायी छापायलाव?" त्या म्हणाल्या. "हाय ते ऱ्हाऊ द्या की गपगुमान."

"काकू, खरं आहे ते झाकायचं कशाला?"

"खऱ्यालाच झाकावं लागतंय, बाई. खोटं उघडं फिरतंय."

मला ते वाक्य आवडलं. मी ते वहीत टिपून घेतलं. इतकी मूर्ख होते मी.

पत्रक छापलं. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर वाटलं, कॉलेजात वाटलं, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर उभी राहून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोंबलं. खाली माझं नाव होतं, ठळक टाइपात. वडिलांची मुलगी शोभले असं मला वाटत होतं.

*

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. "ये. टेंपो आलाय."

मी गाडीवरून पोचले तेव्हा शेडसमोर टेंपो उभा होता, दोन हमाल होते आणि एक तरुण अधिकारी. शर्ट खोचलेला, बोलायला नम्र. त्याचे बूट शेडबाहेर नीट जोडून ठेवलेले होते. काकांनी काढायला लावले असणार. तो मोजे घालून आत उभा होता आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरात आमचं पत्रक होतं. उलटी बाजू वर.

"पहिला नंबर?" तो वाचायचा.

"हे बघा हितं," काका बॅटरीचा उजेड यंत्राच्या पाठीवर टाकायचे. तो टिकमार्क करायचा. हमाल उचलायचे.

"आडवं धरू नका," काका त्यांना सांगत होते. "खालनं हात घाला. लेकरागत."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही; जनतेचा वारसा, नोकरशाही, लढा, सगळे शब्द होते त्यात. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकलं.

"ताई, कागदावर ही यंत्रं अजून कचेऱ्यांतच आहेत. डेडस्टॉकमधून नाव कमी केल्याशिवाय भंगारसुद्धा बाहेर जाऊ शकत नाही. ही इथं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. आम्ही बघितलं नव्हतं, एवढंच." त्यानं फोल्डर थोडं वर केलं. "आता छापून आलंय. नंबरासकट. वरून विचारणा झाली, की मी काय सांगू? न बघितल्यासारखं कसं करू?"

"मग म्युझियम करा की! तेच तर मागितलंय!"

"मागणी मी वर पाठवलीय. पण आधी जमा करावं लागतं. मग लिलाव." मग तो अगदी मनापासून म्हणाला, "पत्रक तुमचंच ना? फार चांगलं लिहिलंय."

त्याच्यावर थुंकावं असं वाटलं नाही. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

अकराव्या नंबरापाशी काका थांबले. "साहेब, ह्यात हिच्या बापाचं लिखाण वाचायचं ऱ्हायलंय. दोन फ्लॉप्या हायत. पुसून तयार ठिवल्यात. तासभर द्या."

"घ्या ना काका. तासच काय, दोन घ्या. बाकीचं चढवू तोवर."

काकांनी वायर लावली. बटण दाबलं. लाइट गेलेली होती.

आम्ही वाट बघत बसलो. हमालांनी बाकीची बावीस चढवली, दोरीनं बांधली, बाभळीखाली बसून तंबाखू मळली. अधिकारी मोज्यांवर येरझारा घालत होता. त्यानं वीज कचेरीला दोनदा फोनही केला. काका त्या काळ्या पडद्यासमोर बसून होते, पहिली फ्लॉपी हातात धरून, आत घालायच्या तयारीत. दोन तास झाले, तीन झाले. शेवटी काकाच उठले. वायर काढून तिची नीट गुंडाळी केली, यंत्राला रबरानं बांधली आणि म्हणाले, "न्या."

टेंपो सुटल्यावर मी म्हटलं, "काका, मी..."

"पावतीवर तेवीस लिवलंय ना बघ," ते म्हणाले.

*

त्यानंतर ते पुष्कळ दिवस जगले. जगले म्हणजे बंद नव्हते, इतकंच. मी दोन-तीनदा गेले. शेडच्या फरशीवर यंत्रांच्या जागी तेवीस चौकोन उमटले होते, भोवतीच्या जमिनीपेक्षा उजळ. काका रोज सकाळी चपला बाहेर काढून आत जात आणि कोरड्या फडक्यानं ते चौकोन पुसत. मी माफीचं बोलायला लागले की ते विषय बदलत. कधी ढोकीला उसाचे ट्रॅक्टर अडकलेत म्हणत, कधी सोजरबाईच्या नातवाला नोकरी लागली म्हणत. दाढीचा ब्रश काकूंनी कोनाड्यात आणून ठेवला होता. काकांनी दाढी केली नाही.

मग मी जायचं सोडलं. कामं होती असं सांगते मी लोकांना. कामं नव्हती. लाज होती. कळंबला गेले की ढोकीचा रस्ता टाळून लांबून वळसा घालून जायचे. लिलाव झाला असं कळलं. किलोवर. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

काकूंनी निरोप धाडला, रजिस्टर घेऊन जा.

त्या शेडच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, रजिस्टर मांडीवर. मी समोर बसले तरी उघडायला हात धजेना. मला पाचव्या रकान्याची भीती होती. काका कारण लिहिल्याशिवाय राहणारे नव्हते. यंत्र शेवटी कशानं गेलं ते त्यांनी लिहिलं असणारच, आणि खोटं त्यांना लिहिता येत नव्हतं. महिनोन्‌महिने मी ढोकीचा रस्ता टाळत होते तो ह्या एका शब्दापायी. पत्रक.

"उघड की," काकू म्हणाल्या. "साप हाय का त्यात?"

मी उघडलं. ‘पाल’, ‘नारळ’, ‘साहेब बदलले’, सगळं जिथल्या तिथं होतं. त्याखाली, प्रत्येक यंत्रासमोर, लाल शाईत तीनच शब्द. तेवीस वेळा. अक्षर शेवटाकडं कापत गेलेलं.

"काय लिवलंय त्यांनी?" काकूंनी विचारलं.

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा वाचून दाखवलं.

"‘यादी मी दिली.’ खाली त्यांचं नाव."

काकू फरशीवरच्या चौकोनांकडं बघत राहिल्या. मला वाटलं त्या रडतील, किंवा माझ्या पाठीवरून हात फिरवतील, म्हणतील, जाऊ दे बाई, तुझा काय दोष. मी त्याची वाट बघत होते, हे कबूल करते.

"अर्धंच लिवलंय," काकू म्हणाल्या. "यादी त्यांनी दिली. छापली कुणी?"

मी रजिस्टर जवळ ओढलं.

"मंग खाली लिव की. तसंच ठिवतीस व्हय?" त्यांनी पदराच्या गाठीतून पेन काढलं. लाल. काकांचंच. टोपण चावलेलं.

मी लिहायला बसले. पहिल्या यंत्रासमोर लिहिलं, मग दुसऱ्या. ‘छापली मी.’ अकराव्याशी हात अडला, तरी लिहिलं. पेन मध्येच सुकायचं, फुंकर मारून पुन्हा चालायचं. तेवीस झाल्यावर मी रजिस्टर मिटायला घेतलं.

काकूंना वाचता येत नव्हतं. पण ओळ कुठं संपते ते त्यांना दिसत होतं.

"नाव घाल," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.